चाकाचे नट आवळताना जोर नको, माप हवं

नट सैल करणं सोपं आहे. हँडब्रेक ओढा, चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट अर्धा फेरा सैल करा, मगच जॅक लावा. सॉकेट नटाच्या मापाचाच आणि सहा कोनी घ्या. बारा कोनी सॉकेट घट्ट नटाचे कोपरे खातो. नट हलत नसेल तर लांब दांड्याचा पाना वापरा. टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेल्या मापाचा पीळ देणाऱ्या पान्याने, नट सोडवू नका, त्याचं माप बिघडतं.

खरी चूक होते ती आवळताना. ‘पान्यावर उभं राहा, म्हणजे चाक हलणार नाही’ हा सल्ला मीही पाळायचो, पान्याला पाइप लावून. पुढे एकदा पंक्चर झालं आणि नट सोडवताना बोल्ट मुळाशीच तुटला. नट पान्यात अडकून हातात आला, आत तुटलेल्या बोल्टचं करडं तोंड. त्या रात्री गाडी तिथेच राहिली. सत्तर किलोचा माणूस मीटरभर दांड्याच्या टोकावर उभा राहिला, तर नटावर 690 न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ बसतो. बहुतेक मोटारींना लागतो 80 ते 140. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये आहे, तोच धरा.

आधी हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि चाक जिथे टेकतात तिथला गंज ब्रशने काढा. तो मध्ये राहिला तर नट नंतर सैल पडतात. नट निमुळत्या बाजूचा असेल तर ती बाजू चाकाकडे ठेवून बोटांनीच फिरवा. दोन-तीन आटे सहज बसले नाहीत तर काढून पुन्हा लावा, पान्याने रेटू नका. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, मॅन्युअलने सांगितलं असेल तरच. घर्षण कमी झालं की तेवढ्याच पिळाने बोल्ट जास्त ताणला जातो.

पाना समोरासमोरच्या नटांवर आलटून पालटून चालवा. ओळीने आवळलं की चाक एका बाजूला तिरकं बसतं. चाक जमिनीला टेकवून, मॅन्युअलमधल्या आकड्यावर ठेवलेला टॉर्क रेंच लावा, सावकाश ओढा आणि टक् आवाज येताच थांबा. ‘आणखी थोडं’ म्हणून पुन्हा ओढू नका, मापाच्या पुढे जाल. गॅरेजात इम्पॅक्ट गनने (ठोके देत नट फिरवणाऱ्या यंत्राने) आवळून दिलेलं चाक मी घरी येऊन सैल करून पुन्हा मापाने आवळतो.

50 ते 100 किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा. काम झालं की टॉर्क रेंच सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवा.