कर्बीचा ठोसा, डिटकोची बोटं

ॲनिमेशनच्या पहिल्या वर्षाला मी तीन महिने अमेरिकन कॉमिक्सचा चित्रकार जॅक कर्बी गिरवत होते. ‘फँटॅस्टिक फोर’ या कॉमिकमधली १९६६ची, गॅलॅक्टस या खलनायकाची पानं, वर ट्रेसिंग पेपर. त्या तुकतुकीत काळ्या रेघांवर माझा जीव जडला होता. एका सीनियरने वही चाळली आणि म्हणाला, “रेघा तर जो सिनॉटच्या आहेत. कर्बी कुठाय?” कर्बी पेन्सिलीने काढायचा, शाई दुसरा कुणीतरी चढवायचा. म्हणजे तीन महिने मी भलत्याच मास्तरांची शिकवणी लावली होती.

तेव्हा आधी श्रेयनामावली वाचा. दुसरा चित्रकार स्टीव्ह डिटको, त्याच्या स्पायडरमॅनमध्ये ही भानगड कमी, तिथे शाईही त्याचीच.

दोघांमधला फरक बघायला मला एक मुखपृष्ठ फार उपयोगी पडलं. ऑगस्ट १९६२च्या ‘अमेझिंग फँटसी’च्या पंधराव्या अंकात स्पायडरमॅन पहिल्यांदा आला. आतली गोष्ट डिटकोने काढली, पण त्याने केलेलं मुखपृष्ठ नाकारलं गेलं. छापलं ते कर्बीच्या पेन्सिलीचं, आणि गंमत म्हणजे त्यावर शाई डिटकोची! नाकारलेलं चित्रही पुढे छापून आलं. दोन्ही शेजारी ठेवा. कर्बी आपल्याला समोर उभं करून भरदार नायक दाखवतो. डिटको आपल्यालाही हवेत लोंबकळवतो. पोटात गोळा येतो तो डिटकोच्या चित्राने.

कर्बीची शरीररचना ‘सुधारायला’ जाऊ नका. मी गेले होते. पुस्तकात बघून स्नायू नीट बसवले, तर अंगातली ताकदच गेली. जिममधला फोटो झाला नुसता. त्याची चौकोनी बोटं, डोक्याएवढी पुढे आलेली मूठ, फाकलेले पाय हे सगळं एकाच दिशेने जोर लावत असतं. १९४१च्या त्याच्या मुखपृष्ठावर कॅप्टन अमेरिकाने हिटलरला मारलेला ठोसा बघा, म्हणजे कळेल.

डिटकोकडे जोर आत साठतो. फेब्रुवारी १९६६चा ‘अमेझिंग स्पायडरमॅन’चा तेहेतिसावा अंक मिळवाच. नायक अवजड यंत्राखाली अडकलाय, पाणी गळतंय, त्याच्या मे काकूंसाठीचं औषध हात जेमतेम पोचणार नाही अशा अंतरावर पडलंय. डिटको घाई करत नाही. एकेक चौकट तो त्या ओझ्याखालीच घालवतो, आणि मग पानभर चित्रात ते यंत्र उचललं जातं. मी सगळे संवाद कागदाने झाकून ही पानं वाचली, तरी दम लागला. त्याचे हातही असेच बघा. चेहरा मुखवट्यात असला तरी वाकडी-तिकडी बोटं बोलत राहतात.

आता घरचा अभ्यास, मी अजूनही करते तो. सुटलेली एसटी पकडायला धावणारा माणूस दोनदा काढायचा. कर्बीच्या रीतीने एकच मोठी चौकट: हात, पिशवी, बसचं दार, सगळं वाचणाऱ्याच्या अंगावर. डिटकोच्या रीतीने नऊ छोट्या: दांड्यापर्यंत न पोचलेली बोटं, निसटलेली चप्पल, घंटीच्या दोरीकडे गेलेला कंडक्टरचा हात. नववीत तो चढला की राहिला, ते तुम्ही ठरवा.

माझ्या पहिल्या प्रयत्नात डिटकोवाला बरा जमला होता. कर्बीवाल्यातली एसटी मात्र थेट अंतराळयान दिसत होती. ते पान मी अजून जपून ठेवलंय.