सोलापुरातून १६१० च्या पुढे: लूप अँटेना आणि दूरची मिडियम वेव्ह

आपल्याकडची मिडियम वेव्ह (एएम रेडिओचा नेहमीचा पट्टा) १६०२ किलोहर्ट्झला संपते. अमेरिका खंडात ती १७०० पर्यंत वाढवलेली आहे, पण तिथली केंद्रं सोलापुरात मिळण्याची आशा धरू नका. आपलं लक्ष्य ऑस्ट्रेलिया. तिथे १६११ ते १७०१ या पट्ट्यात, नऊ-नऊच्या अंतरावर, जास्तीत जास्त ४०० वॉटची छोटी केंद्रं चालतात. पर्थ इथून सुमारे सात हजार किलोमीटर, ब्रिस्बेन साडेनऊ हजारांच्या वर. अवघड आहे, पण आपल्या देशातली केंद्रं या पट्ट्यात नाहीत, त्यामुळे मैदान मोकळं असतं.

आधी रेडिओ तपासा. पुष्कळ डिजिटल सेटमध्ये ९ किलोहर्ट्झची पायरी (एका वेळी पुढे सरकण्याचं अंतर) ठेवली की पट्टा १६२० ला थांबतो. १० केली की १७१० पर्यंत उघडतो. मग १६२९ किंवा १७०१ गाठायला एकेक किलोहर्ट्झने सरकायचं. एसएसबी (सिंगल साइडबँड ऐकण्याची सोय) असेल तर उत्तम: बोलणं ऐकू येण्याइतका सिग्नल नसला, तरी कॅरियरची, म्हणजे केंद्राच्या मूळ लहरीची, शिट्टी सापडते आणि कुठे थांबायचं ते कळतं.

आता लूप, म्हणजे चौकटीवर वायर गुंडाळून केलेला अँटेना. ८५ सेंटिमीटरच्या दोन लाकडी पट्ट्या मधोमध फुलीसारख्या जोडा. चौकोनाची बाजू ६० सेंटिमीटर येते. पट्ट्यांच्या चारही टोकांना ६ मिलिमीटर अंतराने खाचा पाडा आणि साध्या प्लास्टिक आवरणाच्या वायरचे १० वेढे घ्या. २५ मीटर वायर पुरते. दोन्ही टोकं जुन्या रेडिओतल्या धातूच्या गँग कंडेन्सरला (फिरत्या आणि स्थिर पात्यांचा, ट्यूनिंगचा भाग) जोडा: एक टोक फ्रेमला, दुसरं एकाच गँगच्या स्थिर पात्यांना. ५०० पिकोफॅरडची गँग असेल तर साधारण ६०० पासून १७०० पर्यंत ट्यूनिंग होतं. गँग पूर्ण उघडूनही १७०० ला आवाज वाढत नसेल तर वेढ्यांची आपापसातली कपॅसिटी (विद्युतभार साठवण्याची क्षमता) आड येते आहे. एक वेढा काढा. खाचांतलं अंतर कमी केलंत तर हाच त्रास हमखास होतो.

लूप रेडिओला वायरने जोडायची नाही. रेडिओ जवळ ठेवायचा, आतला फेराइट रॉड (रेडिओचा स्वतःचा अँटेना असलेली कांडी) लूपच्या पातळीला काटकोनात. गँग सावकाश फिरवा. एका जागी आवाज एकदम उसळतो. रेडिओ हातभर मागे-पुढे करून पाहा, फार चिकटवला तर ट्यूनिंग बोथट होतं.

दिशा लावायला आकाशवाणी पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झ कामी येतं. लूपची कड केंद्राकडे असताना आवाज सर्वात मोठा, पाठ-पोट केंद्राकडे असताना सर्वात लहान. पुणे इथून पश्चिम-वायव्येला, तर ब्रिस्बेन जवळजवळ त्याच रेषेवर उलट बाजूला. म्हणून ७९२ जिथे सर्वात जोरात लागेल तिथे जमिनीवर खडूने खूण करा, की ब्रिस्बेनची दिशा मिळाली. पर्थसाठी तिथून थोडं दक्षिणेकडे, म्हणजे साधारण आग्नेयेला वळवायचं.

वेळ महत्त्वाची. दिवसा आयनोस्फिअरचा (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाचा) खालचा थर मिडियम वेव्ह गिळतो, म्हणून दोन्ही टोकांना अंधार हवा. डिसेंबरात ब्रिस्बेनला आपल्या रात्रीच्या सव्वाबाराच्या सुमारास उजाडतं. तेव्हा सूर्य मावळल्यापासून मध्यरात्रीपर्यंत बसा. पर्थसाठी अडीचपर्यंत वेळ असतो. एप्रिल-मे-जूनमध्ये वळवाच्या विजांची खरखर इतकी असते की न बसलेलंच बरं.

खरा शत्रू मात्र घरातच आहे. एलईडी दिवे, मोबाइल चार्जर, इन्व्हर्टर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. रेडिओ सेलवर चालवा, मेन स्विच पाडा, आणि कुरकुर किती उतरते ते ऐका. उतरली तर एकेक उपकरण लावून चोर शोधा. उतरली नाही तर तो शेजारी आहे. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या मोटारी चालू असताना प्रयत्न करण्यात अर्थ नाही. भारनियमन झालं तर लोक वैतागतात, आपण गच्चीवर पळायचं, मात्र आसपासचे इन्व्हर्टर सुरू झाले की तोही आनंद संपतो. सर्वात चांगलं म्हणजे गावाबाहेर, हिप्परगा तलावाच्या बाजूला. होटगीकडे जाणार असाल तर उच्च दाबाच्या तारांपासून लांब बसा.

काही लागलंच तर घाईने नाव टिपू नका. १६३८ वर हिंदी ऐकू आलं तर आधी ८१९ लावा: तोच कार्यक्रम असेल तर ती दिल्लीची हार्मोनिक, म्हणजे ८१९ च्या दुपटीवर उमटलेली सावली, आहे, आणि ती बहुधा तुमच्या रेडिओतच तयार झालेली असते. १७०१ वर मात्र हिंदी गाणी लागली तर कान टवकारा. ब्रिस्बेनचं रेडिओ ब्रिस्वानी याच जागेवर आहे. ओळख-घोषणा पकडायला तासाच्या आधी-नंतरची पाच मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण फोन लूपपासून दोन मीटर लांब आणि चार्जर काढून.