बाटलीत मुरणारी बिअर: भरण्याआधी काय तयार ठेवाल

बाटल्या धुवायला घेण्याआधी हायड्रोमीटर, म्हणजे बिअरची घनता मोजायची नळी, काढा. आज १.०१२ दिसलं तर तीन दिवसांनीही १.०१२च दिसायला हवं. आकडा अजून उतरत असेल तर थांबा. आंबणं पुरं व्हायच्या आत झाकण लावलं की बाटली फुटते. माझ्या गॅरेजच्या छतात काचेचा एक तुकडा अजून रुतलेला आहे.

गॅरेज अमेरिकेतलं. इथे घरात दोन सज्ञान माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत बिअर घरच्यापुरती बनवायला १९७९ पासून केंद्रीय कायद्याची मुभा आहे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय हा गुन्हा आहे, तेव्हा सुट्टीत गावी गेल्यावर हा खटाटोप करू नका.

५ गॅलनच्या घाण्याला १२ औंसाच्या साधारण पन्नास बाटल्या लागतात. तपकिरीच घ्या, कारण पारदर्शक काचेतून ऊन लागलं की हॉप्सला, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांना, उग्र, कुबट वास येतो. पिळून उघडायच्या झाकणाच्या नकोत. बाटलीत यीस्ट साखर खातं तेव्हाच बुडबुड्यांचा वायू तयार होतो, म्हणून साखर वजन करूनच घ्या: पेल एल या फिकट बिअरसाठी सुमारे ११० ग्रॅम डेक्स्ट्रोज (ग्लुकोज साखर), दोन कप पाण्यात उकळून निववलेलं. हा पाक आधी बादलीच्या तळाशी ओता आणि त्यावर नळीने बिअर सोडा, म्हणजे तो आपोआप सारखा मिसळतो. प्रत्येक बाटलीत चमच्याने साखर घालणाऱ्याची एक बाटली सपक निघते, दुसरी फसफसून ओट्यावर येते. नळीचं तोंड तळाला टेकलेलं असू द्या. बिअर खळखळली की हवा मिसळते, आणि त्या हवेची किंमत महिन्याभराने ओल्या पुठ्ठ्याच्या चवीत मोजावी लागते. एक बाटली सोड्याची, प्लास्टिकची भरा. ती दाबून दगडासारखी लागली की वायू धरला.

आता मार्कर घ्या आणि सहा झाकणांवर बाटली उघडायच्या तारखा लिहा. माझ्या मते सगळ्या तयारीत हेच सर्वांत मोलाचं काम आहे. पहिल्या घाण्याच्या बाटल्या आम्ही दहा दिवसांत संपवल्या. दोन कपाटामागे राहून गेल्या होत्या, त्या सहाव्या आठवड्यात उघडल्या आणि ही तीच बिअर आहे यावर घरात कुणाचा विश्वास बसेना.

बाटल्या २० ते २२ अंशांत, अंधारात ठेवा. चौथ्या दिवशीची बाटली गोडसर, निपचित लागेल आणि तिला हिरव्या सफरचंदाचा वास येईल. तो अ‍ॅसिटाल्डिहाइडचा, यीस्ट त्याचं पुढे अल्कोहोल करतं. दहाव्या दिवशी बुडबुडे असतात, पण जाडेभरडे, जिभेवर टिकत नाहीत. कधी लोण्यासारखा वास येतो. तेव्हा बाटल्या फ्रिजमध्ये टाकू नका, कारण तो डायअ‍ॅसिटिल यीस्टच परत गिळतं आणि त्यासाठी त्याला ऊब लागते. तिसऱ्या आठवड्यात फेस बारीक, दाट होतो, वायूच्या किंचित आंबटपणाने गोडी मागे सरते, कडूपणाची धार बोथट होते. लोणचं मुरल्यावर मोहरीचा झणका जसा फोडीत उतरतो, तसंच काहीसं.

पुढचं बिअरवर अवलंबून. हॉप्सचा ताजा वास दोन महिन्यांत विरू लागतो, म्हणून आयपीए, म्हणजे हॉप्स भरपूर घातलेली बिअर, लवकर प्या. ८ टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेला स्टाउट, म्हणजे काळी बिअर, मात्र सहा महिने विसरून जा. बेल्जियममधल्या ऑरव्हाल मठाची बिअर बाटलीत भरताना तिच्यात ब्रेटानोमायसीस हे रानटी यीस्ट असतं. कोवळी ऑरव्हाल हॉप्सची, जुनी कोरडी, कातड्यासारख्या वासाची. दोन तारखांच्या दोन बाटल्या शेजारी ठेवून चाखल्या तर बाटलीत काय काय घडतं ते एका संध्याकाळी कळतं.

उघडण्याआधी बाटली दोन दिवस फ्रिजमध्ये उभी ठेवा. वायू बिअरमध्ये विरघळतो आणि गाळ तळाशी घट्ट बसतो. एका दमात ओता, शेवटचं बोटभर बाटलीतच राहू द्या आणि बाटली तिथल्या तिथे विसळा. वाळलेला गाळ नंतर ब्रशनेही निघत नाही.