शेडमधल्या हॉस्टेलात कॉट घेण्याआधी

सातपूरच्या एमआयडीसीत माझी सगळी नोकरी मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन म्हणून गेली. आता तिथल्या काही बंद गाळ्यांत पार्टिशन टाकून मुलांना कॉट बेसिसवर जागा देतात. त्र्यंबक रोडची कॉलेजं जवळ, भाडं कमी. पेठ-सुरगाण्याकडच्या पोरांना सोयीचंच. पण डिपॉझिट देण्याआधी एवढं बघाच.

ॲडमिशनच्या दिवसांत नाशकात पाऊस असतो. तो जोरात चालू असतानाच जागा बघायला जा आणि मान वर करा. पत्र्याच्या बोल्टाभोवतीचा वॉशर कुजला की पाणी लोखंडी अँगलवरून सरकत जातं आणि भलतीकडेच, बऱ्याचदा ट्यूबलाइटच्या पट्टीवर टपकतं. तिथे तांबूस ओघळ दिसला तर ती खोली नको. पत्र्याखाली सीलिंग आहे का तेही बघा, नाहीतर एप्रिलमध्ये दुपारी आत बसवणार नाही. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना भोक पाडू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतं.

मग मेन बोर्ड उघडून दाखवायला सांगा. लाजू नका. कारखान्याचं थ्री फेज कनेक्शन दणकट असतं, पण खोल्यांची वायरिंग मागाहून ओढलेली असते. सांगाडा लोखंडी, कॉटही लोखंडी. अर्थिंग धड नसेल तर एक सोललेली वायर जीव घेईल. ईएलसीबीवर, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचवर, ३० मिलीअँपिअर लिहिलेलं असावं. त्यावरचं टेस्टचं बटण मालकालाच दाबायला लावा, लाइट गेलीच पाहिजे.

रात्री शटरला कुलूप लागतं का? चावी कोणाकडे? दुसरं दार स्वतः आतून उघडून बघा. प्लायवूडची पार्टिशनं पेटली तर चावी शोधायला वेळ मिळत नाही. २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘ब’ नमुना, दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. ताजं दाखवा म्हणा.

जागा राहण्यासाठी मंजूर आहे का, तो कागद मागा. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेलाच हवा. १९९९ च्या भाडे कायद्यात ती जबाबदारी मालकाची आहे. करारात ‘गोदाम’ लिहिलं असेल तर सही करू नका.

शेवटी रात्री दहानंतर पुन्हा एक चक्कर मारा. शेजारी पॉवर प्रेस चालत असेल तर झोप आणि अभ्यास दोन्ही गेले. आणि प्लेटिंगचं काम असेल, ॲसिडचा वास घशाला लागत असेल, तर भाडं कितीही कमी असो, दुसरी जागा बघा.