लंडनहून बडोद्याला आल्यावर पहिल्याच पहाटे कमाटी बागेत जाऊ नका

सुट्टीत लंडनहून घरी येणाऱ्यांना आपल्याकडे सगळे हेच सांगतात की पहाटे उठ, कमाटी बागेत फिरून ये, झोप लाईनवर येईल. मीपण तेच केलं आणि आठवडाभर रात्री २ पर्यंत पंख्याकडे बघत पडले होते. नंतर कळलं की उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, म्हणजे इथे सकाळचे ६ तेव्हा शरीराच्या घड्याळात रात्रीचा दीडच वाजलेला असतो, आणि तेव्हा डोळ्यावर उजेड पडला की मेंदूला वाटतं संध्याकाळ लांबलीय, मग घड्याळ पुढे सरकायच्या ऐवजी अजून मागे जातं! साधारण ७ ला उठणाऱ्याचं शरीर लंडनच्या पहाटे ४-५ ला सगळ्यात थंड असतं, त्यानंतरचाच उजेड घड्याळ पुढे सरकवतो, म्हणून तोच आपल्या कामाचा, म्हणजे इथल्या साडेनऊनंतरचा.

म्हणून पहिल्या दिवशी पडदे ओढून ठेवा, दहाच्या सुमारास बाहेर या. ऊन फार असेल तर गच्चीत सावलीत चहा घेऊन अर्धा तास बसलं तरी चालतं, सावलीतला उजेडसुद्धा घरातल्या ट्यूबलाईटच्या कितीतरी पट असतो. मग रोज तासभर अलीकडे या, शरीर दिवसाला साधारण तेवढंच सरकतं. दुपारी डुलकी २० मिनिटंच, आणि ३ नंतर चहा नको, आईने कितीही आग्रह केला तरी.