रोजनामचा उलट्या डोळ्यांनी वाचा: नव्या टीआयसाठी (ठाणेप्रमुखासाठी)

ठाण्याचा प्रभार घेतलात की पहिल्या आठवड्यात शिपायांना "कसं चाललंय?" असं विचारत फिरू नका. सकाळच्या गणनेत, म्हणजे हजेरीत, उभा असलेला आरक्षक (शिपाई) एकच उत्तर देतो, "ठीक है साहब." (मी बाई, तरी साहबच.) त्याऐवजी माणसं किती थकलीत ते रोजनामच्याला, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीला, विचारा.

मी एलएलबी केलं ते नोकरीत असताना, इंदूरच्या रामबागेतल्या घरी, पोरं झोपल्यावर. मग बरीच वर्षं कोर्टात चालान (आरोपपत्रं) आणि साक्षी सांभाळल्या. बचावाचे वकील रोजनामचा मागवतात आणि आमद-रवानगीच्या (ठाण्यात येण्या-जाण्याच्या) वेळा जुळल्या नाहीत की साक्षीला उभ्या पोलिसाची भंबेरी उडवतात. ती नजर मी पुढे स्वतःच्याच ठाण्यावर वळवली.

करायचं एवढंच. मागच्या 30 दिवसांच्या आमद-रवानगीची प्रिंट काढा. आता सगळं सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक-जाळ्यावर असल्याने पाच मिनिटांचं काम आहे. प्रत्येक नावापुढे रात्रीची आमद आणि त्यानंतरची पहिली रवानगी लिहा. मधलं अंतर 8 तासांपेक्षा कमी असेल तिथे लाल खूण. त्या 8 तासांत घरी जाणं-येणं, अंघोळ, मुलांची शाळा हेही येतं, म्हणजे झोप जेमतेम पाच तास. माझ्या पहिल्या यादीत एका नावापुढे 11 लाल खुणा होत्या, आणि तो मुलगा जीप चालवायचा!

सलग 17 तास जागलेल्या माणसाचं भान रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं मंदावतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. दारू पिऊन गाडी चालवण्याबद्दलच्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 ची मर्यादा 0.03. म्हणजे नाक्यावर मशीन घेऊन उभा असलेला आपला शिपाई समोरच्या पिणाऱ्याइतकाच गुंगीत असू शकतो. वरून कोणी 1861 च्या पोलीस कायद्याचं कलम 22 ऐकवलं, की पोलीस सदैव ड्युटीवर असतो, तर ऐकून घ्या. कलम वाचलेलं असलं की उत्तर देता येतं: कधीही बोलावता येईल असं त्यात आहे, झोपू देऊ नये असं कुठेही नाही. मी हे एकदाच बोलले. महिनाभर टोमणे खाल्ले, पण ड्युटीचा चार्ट बदलला.

बंदोबस्ताचं वेगळं. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) किंवा अनंत चतुर्दशीच्या झांक्या (देखाव्यांची मिरवणूक) असल्या की राजवाड्याभोवती लावलेल्या महिला आरक्षक दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नसते. आदल्या दिवशी स्वतः जाऊन ओळखीच्या दोन-तीन घरांची, शाळेची सोय ठरवा, आणि कोणत्या पॉइंटवरून कुठे जायचं ते ड्युटीच्या कागदावरच लिहा. तोंडी सांगितलेलं गर्दीत हरवतं.

मर्गाची, म्हणजे अकस्मात मृत्यूच्या तपासाची, कामं हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. विहिरीतून, पंख्यावरून शव उतरवायला ठराविक दोघंच जातात, कारण "त्यांना सवय आहे". असा माझा एक प्रधान आरक्षक (हवालदार) घरी जेवेनासा झाला होता, हे मला त्याच्या बायकोकडून कळलं. चार महिने तो माझ्यासमोर डबा उघडून बसत होता, मी बघितलंच नव्हतं. तेव्हापासून मर्ग रजिस्टरात नावं मोजायला लागले: लागोपाठ दोन झाले की तिसऱ्याला दुसरा माणूस. लहान मुलाचं शव असेल तर टीआयने सोबत जायचं, आणि परतल्यावर त्या माणसाला अंघोळीपुरतं तरी घरी सोडायचं.

चालानचा ताण सोपा आहे. 60 किंवा 90 दिवसांच्या मुदतीची वाट न बघता चाळिसाव्या दिवशी तपासाची डायरी मागवा, शेवटच्या रात्रीची जागरणं आपोआप कमी होतात.

एखादा खचलाय असं वाटलं तर शस्त्र गणनेत सगळ्यांदेखत काढून घेऊ नका. त्याला समन्स-वॉरंटच्या, विनाशस्त्र कामावर लावा. रोजनामच्यात "मानसिक" हा शब्द नको. उपचाराची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 23 ने दिलेला आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, मोफत आहे. आम्ही त्याचा फलक आधी नोटीस बोर्डावर लावला. तिथे कोणी थांबेना. थांबलेलं दिसायचं नसतं ना. मग तो न्हाणीघराच्या दाराला आतून चिकटवला. आठवड्याभरात कोपऱ्यावर कोणीतरी पेनने नंबर उतरवून घेताना उमटलेल्या रेघा दिसल्या.

आणि यादीत मुंशीचं (ठाण्याच्या लेखनिकाचं) नाव टाका. सगळ्यांची रवानगी तो लिहितो, स्वतः ठाण्याबाहेर जातच नाही, म्हणून रोजनामच्यात त्याचं अंतर निघत नाही. मी टाकायला विसरले होते. दुसऱ्या महिन्यात त्यानेच माझ्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात स्वतःचं नाव लिहून ठेवलेलं सापडलं, पुढे लाल खुणा करायला जागा सोडून.