एक अर्ज, चार नोंदी: सरकारी कार्यालयात प्रक्रिया सुधारणेचं काम करू पाहणाऱ्यांसाठी

शिवाजी विद्यापीठातून एमसीए झालेली किंवा इथल्याच एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं ई-गव्हर्नन्सच्या कामाची चौकशी करायला आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोडिंग किती यायला लागतं? थोडं आलं तरी भागतं. त्याहून जास्त लागतं ते टिपणी वाचता येणं, शासन निर्णयाची शेवटची दोन पानं सोडून न देणं आणि बारनिशीच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून दिवसभर गप बसता येणं. मी कोल्हापुरात तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत बरीच वर्षं कंत्राटी म्हणून हेच काम करतोय. कामातल्या फुकटच्या पायऱ्या काढायच्या आणि एकाच कामासाठी दोन-तीन प्रणाली चालत असतील तर जास्तीची बंद करायची. ऐकायला सोपं वाटतं. नवी साईट काढायला मात्र उद्घाटनाची तारीख लगेच मिळते. जुनी बंद करायला सहीसुद्धा मिळत नाही.

नव्या माणसाला संगणक कक्षात बसवायची पद्धत आहे. तिथं एसी असतो, पण काम दिसत नाही. काम दिसतं बारनिशीत, म्हणजे जिथं टपाल आत येतं आणि बाहेर जातं तिथं. एखादा अर्ज निवडा आणि तो निकाली निघेपर्यंत त्याच्या मागे मागे फिरा. मी सगळ्यांना उत्पन्नाच्या दाखल्यापासून सुरुवात करायला सांगतो, कारण जूनमध्ये प्रवेशाची धांदल उडाली की तहसीलमध्ये त्याचा ढीग लागतो आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली त्याला १५ दिवसांची मुदत आहे.

हे काम कागदोपत्री पूर्ण ऑनलाइन आहे. सेवा केंद्रातून कागद स्कॅन होऊन येतात, अर्ज 'आपले सरकार'मधून तहसीलच्या लॉगिनला पडतो, कारकून तपासतो, नायब तहसीलदार पुढं पाठवतात, तहसीलदारांची डिजिटल सही होते. आता टेबलापाशी बसून बघा. एका कार्यालयात मी पाहिलं, ते असं: लॉगिन उघडलं की कारकून पहिल्यांदा अर्ज क्रमांक लाल पुठ्ठ्याच्या आवक नोंदवहीत लिहायचे. मग अर्जाची प्रिंट काढून, टॅग लावून नस्तीत, म्हणजे फाइलीत, जायची. सायंकाळी तोच अर्ज एक्सेल शीटमध्ये, कारण आढाव्यासाठी ती शीट व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची असायची. शिवाय कार्यविवरण नोंदवही, म्हणजे कारकुनाकडं आलेलं काम टिपायची वही, होतीच. एक अर्ज, चार नोंदी, आणि प्रणालीतली पाचवी.

"भाऊसाहेब, हे लाल रजिस्टर कोण बघतं?"

"कोण न्हाई बघत. पण साईट पडली की हेच हाताशी असतंय बघा."

ही माणसं जुनाट आहेत, त्यांना संगणकाची भीती वाटते, असं बोलून मोकळं होणारे सल्लागार पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नका. प्रत्येक जादा नोंदीच्या मागं कधीतरी घडलेली एखादी गोष्ट असते. रजिस्टर होतं, कारण ऐन जूनमध्ये साईट खरंच बसते. प्रिंट होती, कारण कुठल्यातरी तपासणीत 'कागद दाखवा' असा शेरा आला होता. एक्सेल होती, कारण प्रणालीतला अहवाल अख्ख्या तालुक्याचा एकत्र निघायचा आणि वरिष्ठांना तो मंडलनिहाय, म्हणजे काही गावांच्या एकेका महसूल गटाचा वेगळा, लागायचा. आम्ही मंडलनिहाय अहवाल मिळवला आणि शीट बंद झाली. प्रिंटच्या बाबतीत तपासणी पथकाला लॉगिनवर अर्ज बघता येतील असं लेखी घेतलं, मग ती निम्म्यावर आली. रजिस्टर राहिलं. राहू दे. सर्व्हर सुधारत नाही तोवर ते काढायचा हट्ट धरणं म्हणजे कारकुनाच्या हातातली काठी काढून घेणं.

पायऱ्या मोजताना घड्याळ वापरा. प्रत्येक नोंदीला किती मिनिटं गेली, अर्ज कुणाच्या टेबलावर किती दिवस पडून राहिला, हे सुधारणा सुरू करायच्या आधीच लिहून ठेवा. नंतर ते आकडे कुठूनही मिळत नाहीत.

आता प्रणालींबद्दल. प्रत्येक प्रणालीला वर कुठंतरी एक वाली असतो. एखाद्या विभागाने शासन निर्णय काढून ती सुरू केलेली असते, तिचा आढावा घेणारे अधिकारी असतात, तिचं देखभालीचं कंत्राट असतं. खालचा ऑपरेटर मात्र एकच. तोच माणूस सकाळी एका पोर्टलवर आणि दुपारी दुसऱ्या पोर्टलवर तीच माहिती मारतो. त्यामुळे दोन प्रणाली तंत्राच्या दृष्टीने जोडता येतात का, हा प्रश्न नंतरचा. आधी बघायचं ते हे की दोन्हींचा आढावा एकाच टेबलावर आणता येतो का.

यादी करायला बसलात की कार्यालयातलीच एक जुनी रीत कामाला येते: सहा गठ्ठे पद्धत. चालू प्रकरणं, प्रतीक्षाधीन (कुणाच्या तरी उत्तराची वाट बघणारी), नियतकालिकं (ठरावीक मुदतीने पाठवायचे अहवाल), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. मी प्रणालींचीही अशीच मांडणी करतो. रोज निर्णय ज्यावर होतो ती चालू. महिन्यातून एकदा आकडा भरायलाच जी उघडते, ती नियतकालिक. तिचा आकडा चालू प्रणालीतून निघत असेल तर तिची गरज संपली. जिच्यात फक्त जुने आदेश शोधायचे असतात, ती वाचण्यापुरती ठेवायची. ही विभागणी अव्वल कारकुनाला पाच मिनिटांत कळते, आणि मग तोच तुम्हाला सांगतो की अमुक पोर्टल तर गेल्या दोन साहेबांपासून कुणी उघडलेलंच नाही. संगणक येण्याआधी, ऐंशीच्या दशकात, अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी टेबलं, गठ्ठे आणि कामाचा प्रवास नीट लावून दाखवला, तो 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर गाजला. नव्या मुलांनी तो जरूर समजून घ्यावा. त्यात एकही सॉफ्टवेअर नाही.

वापर मोजणं का महत्त्वाचं, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी संकुलाभोवतीच्या ७० गावांत 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. केंद्र, राज्य आणि वारणा समूह यांचा पैसा आणि एनआयसीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं, तांत्रिक साहाय्य. गावोगावच्या संगणक केंद्रांवरून शेतीचा सल्ला, बाजारभाव, शिक्षण, सरकारी माहिती असं बरंच काही मिळणार होतं. पुढं संशोधकांनी प्रत्यक्ष वापर पाहिला, तेव्हा ही केंद्रं मुख्यतः उसाच्या व्यवहारापुरती चालत असल्याचं दिसलं: किती ऊस गेला, खत किती उचललं, बिल किती झालं. मग मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या गटाने सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या एसएमएसवर तीच कामं करून दाखवली. लोक काय वापरतात हे पाहिल्यावर यंत्रणा किती लहान होऊ शकते, हे समजण्यासाठी लांब कुठं जायला नको. वारणानगर पन्हाळा तालुक्यात आहे.

खरी डोकेदुखी ओळख जुळवण्यात असते. एकच शेतकरी पीएम किसानच्या यादीत, राज्याच्या नमो शेतकरी योजनेच्या यादीत, अनुदानाच्या महाडीबीटी पोर्टलवर, पीक विम्यात आणि ई-पीक पाहणीत वेगवेगळा नोंदलेला असतो. सातबाऱ्यावर दत्तात्रय, आधारवर दत्तात्रेय, बँकेत नुसता दत्ता. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून वर गेलं. पाणी उतरल्यावर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी मिळून पंचनामे करायचे असतात. पंचनामा एक आणि याद्या अनेक असल्या की मदत खात्यावर जायच्या वेळी सगळं अडतं. गावांच्या नावांचंही तसंच. पन्हाळा तालुक्यात पोर्ले तर्फ ठाणे आहे आणि पोर्ले तर्फ बोरगावही आहे. एका शीटमध्ये 'पोर्ले त. ठाणे', दुसरीत 'पोर्ले ठाणे', तिसरीत नुसतं 'पोर्ले'. जनगणनेचा कोड वेगळा, भूमी अभिलेखचा वेगळा, केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीचा (गावं आणि ग्रामपंचायतींच्या कोडांची यादी) वेगळा. दोन प्रणाली एक करायच्या असतील तर पहिला महिना या कोडांचा तक्ता करण्यातच घालवा. हे काम कुणाला दाखवता येत नाही, त्याचं कौतुकही होत नाही, पण ते टाळलं की पुढचं सगळं फसतं. ॲग्रीस्टॅक या केंद्राच्या शेती-माहिती प्रणालीतल्या शेतकरी ओळख क्रमांकाने हा गुंता सुटायला मदत होईल असं मला वाटतं. मात्र जुन्या याद्या चालूच ठेवल्या तर तो आणखी एक क्रमांक होऊन बसेल.

वाचायला काय घ्यावं, असंही विचारतात. डिजिटल इंडियातल्या ई-क्रांतीची तत्त्वं बघा. कार्यपद्धती आहे तशी संगणकावर चढवायची नाही, आधी तिची पुनर्रचना करायची, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. अमेरिकेने हीच गोष्ट १९९६ च्या क्लिंगर-कोहेन कायद्यात घातली: संगणकावर मोठा खर्च करण्याआधी खात्याने आपलं काम तपासून सुधारायचं. आणि तरीही तिथली लेखापरीक्षण संस्था, जीएओ, २०११ पासून दरवर्षी एकाच कामासाठी होणाऱ्या दुहेरी खर्चावर अहवाल काढतेय. तेव्हा आपल्याकडेच असं होतं, असं समजून निराश होऊ नका.

बंद करायची सही मिळालीच, तर त्याच दिवशी बटण दाबू नका. आधी ठरवा, त्यातले अभिलेख कुठल्या वर्गाचे आहेत. 'अ' वर्गाचे कायम ठेवायचे असतात, मग ते कागदावर असोत की डेटाबेसमध्ये. माहिती अधिकारात उद्या कुणी तीन वर्षांपूर्वीच्या अर्जाचं काय झालं विचारलं, तर 'प्रणाली बंद आहे' हे उत्तर चालत नाही. एजन्सीकडून पूर्ण डेटा आणि कुठल्या रकान्यात काय आहे याची यादी घ्या, आणि ती शेवटचं बिल निघायच्या आधी घ्या. बिल निघाल्यावर फोन कोण उचलत नाही. संकेतस्थळाचं नावही लगेच सोडू नका. सोडलेली नावं दुसरं कुणीतरी घेतं आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेल्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात उघडते.

या कामात शिरायच्या वाटा तीन-चार आहेत. एनआयसीची भरती परीक्षा देऊन कायम नोकरी. महाआयटी या राज्य सरकारच्या आयटी कंपनीसारख्या संस्थेतून जिल्हा पातळीवरचं कंत्राटी पद. सल्लागार कंपनीच्या प्रकल्प कक्षातली जागा. किंवा एमपीएससी देऊन थेट खुर्चीच्या त्या बाजूला. कंत्राट बहुधा ११ महिन्यांचं असतं आणि पुण्यातल्या आयटी कंपनीइतका पगार मिळत नाही, हे घरी आधीच सांगून ठेवा. मुलाखतीत 'कुठली प्रणाली विकसित केली?' असं हमखास विचारतात. कुठली बंद केली, हे कुणी विचारत नाही. म्हणून बायोडेटात तेच वर लिहा, घड्याळ लावून घेतलेल्या आकड्यांसकट: आधी एका अर्जाला किती नोंदी होत्या, आता किती, आणि दाखला किती दिवस लवकर मिळतो.